मेजावर मांडलेली खर्ड्याची लढाई

शके १७१६ च्या फाल्गुन मासीं, म्हणजे इ. स. १७९५ च्या मार्च महिन्याच्या ११ व्या तारखेस, मराठे व निजाम यांजमध्यें खर्ड्याजवळ जो संग्राम झाला त्याविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. बखरकारांनीं तो गाइला, ग्रँट डफनें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासांत त्याचें सविस्तर वर्णन केलें, कै. वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनी दप्तरांतील पत्रें ‘ऐतिहासिक लेखसंग्रहां’त छापलीं, आणि पुणें रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराच्या चौथ्या खंडानें इंग्रज वकिलांच्या डोळ्यांना काय दिसलें तेंही पुढें आणलें. मग आतां नवें लिहिण्यासारखें काय उरलें, असें वाचक विचारतील. आमच्याजवळ एकही नवें अस्सल पत्र नाहीं, हें आरंभींच सांगून टाकतों. आम्हीं केलें तें इतकेंच कीं, ही लढाई गोंदियास आमच्या घरच्या ओसरीवर, एका मेजावर, मापानें मांडून पुन्हा लढून पाहिली. तसें करतां करतां आमचें एक जुनें मत आम्हांस सोडावें लागलें, आणि त्याहून जुनी अशी एक चूक उमगली. ती चूक आमच्यासारख्या अनेक संग्राहकांच्या हातून रोज घडत असते. म्हणून हा लेख.

१

रण मांडून पाहणें हा पोरखेळ आहे, असा आक्षेप येईल. यास्तव त्या खेळाची कुळकथा थोडक्यांत देतों. आपल्याकडील चतुरंग हा मुळांत हत्ती, घोडे, रथ व पायदळ या चार अंगांचा संग्रामच होय. तो इराणांत गेला, तेथून पश्चिमेस गेला, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्याच पटांतून युरोपांत लष्करी खेळ निघाला. ब्रन्सविक येथील हेल्विग नांवाच्या अध्यापकानें १७८० सालीं बुद्धिबळाचा पट पुष्कळ वाढवून त्यावर नद्या, डोंगर व गांवें दाखविलीं. पुढें प्रशियांतील रायस्विट्झ पितापुत्रांनीं घरांचा पट टाकून दिला. पुत्राचे नियम १८२४ त छापले गेले व ते नकाशावर खेळावयाचे होते. त्यांत दोन पक्षांमध्यें एक मध्यस्थ बसतो. सेनापतीस रणांत जेवढें दिसलें असतें तेवढेंच तो त्यास सांगतो, त्याचे हुकूम लेखी घेतो, ते योग्य विलंबानें पोंचवितो, आणि दैवाच्या भागापुरता फांसा टाकतो. १९१३ सालीं एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकारानें लहान शिपायांचा घरगुती खेळ पुस्तकरूपानें मांडला. आज पश्चिमेकडे अठराव्या शतकांतील लढाया बोटभर मूर्तींनीं पुन्हा लढणारे हौशी लोक पुष्कळ आहेत.

परंतु चतुरंगांत जें नाहीं तेंच आम्हांस पाहावयाचें होतें. बुद्धिबळाच्या घोड्यास तहान लागत नाहीं, उंटास वैरण लागत नाहीं, आणि पटावर रात्र पडत नाहीं. कौटिल्याची दृष्टि याहून निराळी आहे. त्याच्या अर्थशास्त्रांतील सांग्रामिक नांवाचें दहावें अधिकरण उघडलें तर व्यूहांचा विचार पांचव्या व सहाव्या अध्यायांत येतो. त्याआधीं छावणी कोठें घालावी व कूच कसें करावें याचा विचार आहे. वाटेवरील मुक्काम कशावरून ठरवावे, तर गवत, सर्पण व पाणी यांवरून, असें तो सांगतो. व्यूहांतही पायदळ, घोडा व हत्ती यांस किती किती अंतरावर उभें करावें याचीं मापें तो देतो. सैन्य ही जागा व्यापणारी व खाणारी-पिणारी वस्तु आहे, ही जाणीव त्या ग्रंथांत पदोपदीं आहे. आमच्या बखरींत ती क्वचित् दिसते. आम्हीं शाळेंत इतिहास शिकवितांना तर ती कधींच ठेविली नाहीं.

२

आतां लढाईचा वृत्तान्त. चौथाईच्या थकलेल्या बाकीवरून पुणें व हैदराबाद या दरबारांत बिघाड झाला. निजाम अल्लीखान बेदराहून निघाला. इकडे सवाई माधवरावांस घेऊन नाना फडणीस निघाले. इंग्रजांचा गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यानें तटस्थता पत्करली. निजामाची फौज १,१०,००० वर व मराठ्यांची १,३०,००० वर होती, शिवाय १०,००० पेंढारी, असे आंकडे ग्रँट डफ देतो. मराठ्यांकडे शिंद्यांचे २५,००० लोक जिवबादादा बक्षी यांच्या हाताखालीं असून त्यांपैकीं १०,००० कवायती पायदळ पेरनच्या हुकमतींत होतें. नागपूरकर दुसरे रघूजी भोसले १५,००० स्वार व पायदळ घेऊन आले. तुकोजी होळकरांचे १०,०००, तर परशुरामभाऊ पटवर्धनांचे ७,००० होते. सर्वांचें सेनापत्य भाऊंकडे होतें. निजामाकडील मुख्य आधार म्हणजे रेमंड फ्रेंचाचें १७,००० कवायती पायदळ.

खर्डें हें आजच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यांत बालाघाटाच्या डोंगरांलगत आहे. निजामाची फौज मोहरीचा घाट उतरत असतां बाबा फडके यांनीं तिजवर हल्ला केला, तो फसला. पुढें फौज खर्ड्याहून परांड्याच्या रोखें निघाली. परांडें तेथून दक्षिणेस सुमारें २५ मैल. वाटेंत मराठ्यांनीं बुणग्यांवर घाला घातला, तेव्हां निजामानें आपला हत्ती थांबविला, बुणगे दुसऱ्या बाजूस घेण्यास सांगितलें, आणि असदअल्लीखानाचें घोडदळ व त्याच्या पाठीशीं रेमंडचें पायदळ पुढें धाडलें. टेहळणीस गेलेल्या भाऊंवर लालखानाचे पठाण तुटून पडले. भाऊ जखमी झाले व लालखान ठार झाला. इतक्यांत भोसल्यांनीं निजामाच्या घोडदळावर बाणांची वृष्टि केली आणि त्याच क्षणीं पेरननें उंचवट्यावर मांडलेल्या ३५ तोफा सुटल्या. घोडदळ कांहीं मिनिटांत उधळलें. रेमंडचें पायदळ मात्र उभें होतें. पेरनच्या पलटणींवर त्यानें थोडी सरशीही केली होती. पण माघार घ्या, माघार घ्या, असे निजामाचे हुकमावर हुकूम आले व त्यास फिरावें लागलें. रात्रीं मराठ्यांचे कांहीं स्वार घोड्यांस पाणी पाजण्यासाठीं एका ओढ्यावर आले; तेथें मोंगलांची टोळी होती. गोळी सुटली, तिच्यामागें रेमंडच्या निजलेल्या पलटणी दचकून उठल्या व अंधारांत वाटेल तशा गोळ्या झाडूं लागल्या. या घबराटींत निजाम खर्ड्याच्या निंबाळकरांच्या किल्ल्यांत शिरला. मराठ्यांनीं वेढा घातला, पाणी तोडलें, आणि थोड्याच दिवसांत तह झाला. दौलताबाद व परांड्यापासून तापीपर्यंतचा मुलूख, तीन कोटि रुपये, आणि दिवाण मशीरुल्मुल्क याचा ताबा, एवढें निजामास द्यावें लागलें.

या माघारीचें कारण काय? सर्वत्र रूढ असलेलें उत्तर असें कीं, निजामाबरोबर जनाना होता, तोफांच्या आवाजानें बायका घाबरल्या, आणि बायकांच्या भयानें निजाम पळाला. आम्ही तीसहून अधिक वर्षें वर्गांत हेंच सांगत आलों. मुलें हंसत, आम्हीही हंसत असूं.

३

मेज आठ फूट लांब व पांच फूट रुंद घेतलें. एका फुटास एक मैल हें प्रमाण ठरविलें. बालाघाटाचा कांठ ओल्या मातीचा केला. धानाचा एक दाणा म्हणजे १०० पायदळ, लाखोळीचा एक दाणा म्हणजे १०० स्वार, आगकाडी म्हणजे पांच तोफा, चिंचोका म्हणजे सरदाराचा हत्ती. पेरनच्या ३५ तोफांस सात काड्या पुरल्या. भोसल्यांच्या बाणांसाठीं जळक्या फुलबाज्यांच्या तारा घेतल्या. हा जिल्हा भाताचा. दाण्यांस तोटा नव्हता. आमचे एक माजी विद्यार्थी भाताची गिरणी चालवितात, त्यांनीं पायदळ पुरविलें.

बुणग्यांसाठीं काय घ्यावें हा प्रश्न पडला, तेव्हां शेजारच्या मुलांनीं आपले तान्ह्या पोळ्याचे लांकडी बैल आणून दिले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं मुलांनीं लांकडी बैल मिरवावयाचे, ही वऱ्हाडाच्या पूर्वेकडील आमच्या प्रांतांतली रीति नागपूरकर रघूजी भोसल्यांनीं १८०६ सालीं सुरू केली असें सांगतात. खर्ड्यास बाण सोडणारे ते हेच दुसरे रघूजी. गोंदिया जिल्हा १९९९ सालीं भंडाऱ्यांतून निराळा झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा सारा प्रदेश त्यांच्याच राज्यांत होता. तेव्हां त्यांच्या लढाईंत त्यांचेच बैल आले, हें आम्हांस शुभ वाटलें.

पण बैल किती घ्यावयाचे? येथें प्रथम हिशेब करावा लागला, आणि खेळाचें खरें फळ येथेंच मिळालें. निजामाकडे ४०,००० घोडीं होतीं असें समजा. दर घोड्यास रोज आठ पौंड दाणा धरला तर एका दिवसास ३,२०,००० पौंड दाणा झाला. लादणीचा बैल १६० पौंड वाहतो असें धरल्यास एका दिवसाच्या दाण्यास २,००० बैल लागतात, आणि पांच दिवसांच्या दाण्यास १०,०००. वैरण, तंबू, दारूगोळा व माणसांचें धान्य यांत धरलेलें नाहीं. हे बैल दोन दोनच्या रांगेनें चालविले व दर जोडीस चार यार्ड जागा दिली, तर तांड्याची लांबी २०,००० यार्ड, म्हणजे सव्वाअकरा मैलांहून अधिक होते. आमच्या मेजाची लांबी आठच मैल!

लांकडी बैल सुमारें सात इंचांचे होते. मापानें एक बैल ५०० बैलांच्या जागी बसला. वीस बैल एकामागें एक ठेविले तेव्हां पहिला मेजाच्या दक्षिण टोंकास पोंचला तरी मागचे सहा मेजावरून उतरून ओसरीच्या फरशीवर उभे होते. रेमंडचे १७,००० लोक चार चारच्या रांगेनें चालविले तर तेही ४ फूट १० इंच व्यापतात. लढाईसाठीं तीन ओळींत उभे केले तर त्यांची आघाडी दोन मैलांहून जास्त होते. दहा हजार स्वार चार चारनें चालले तर साडेपांच मैलांवर जातात. एक लाख दहा हजार हा आंकडा कागदावर सहज मावतो. जमिनीवर तो मावावयास किती वाटा लागतात, किती वेळ लागतो, हें दाणे मांडल्याविना आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. निजामाची फौज ‘एके ठिकाणीं’ कधींच नव्हती. ती परांड्याच्या वाटेवर लांबच लांब पसरलेली होती, आणि तिचें पोट तिच्या पाठीवर चालत होतें.

४

खेळ तीन वेळां खेळलों. एक फेरी म्हणजे पाव तास. पायदळ व बैल फेरीस सहा इंच, दौडणारे स्वार फेरीस दोन फूट. मध्यस्थाचें काम आमच्या शाळेंतील निवृत्त गणितशिक्षकांनीं केलें. मराठ्यांची बाजू आमचे एक स्नेही, जे स्वतः मोडी कागदांचे मोठे संग्राहक आहेत, त्यांनीं व गिरणीवाल्या विद्यार्थ्यानें घेतली. निजामाची बाजू दुसरा कोणी घेईना, म्हणून ती आमच्याकडे आली.

पहिल्या वेळीं बैल बाजूस ठेवून केवळ लढणारे लोक मांडले. निजाम जिंकला. असदअल्लीखानाचे स्वार उधळले तरी रेमंडचे १७,००० पेरनच्या १०,००० वर भारी पडले. आमचे स्नेही चिडले व म्हणाले, ‘गुरुजी, हा इतिहास नव्हे.’ खरेंच, तो इतिहास नव्हता. कारण त्यांत बुणगे नव्हते.

दुसऱ्या वेळीं बैल वाटेवर ठेविले. पेंढारी त्यांजवर येतांच आम्हीं निजामाप्रमाणेंच बुणगे दुसऱ्या बाजूस घेण्यास सांगितलें. सव्वाअकरा मैलांचा तांडा बाजूस घ्यावयाचा म्हणजे आपल्याच सैन्याच्या वाटा अडवावयाच्या. मागील पलटणी बैलांमुळें सहा फेऱ्या, म्हणजे दीड तास, खोळंबल्या. लढाई बरोबरीत राहिली व दिवस मावळला. दिवस मावळला तेव्हां आमची फौज अशा जागीं होती कीं, मागें खर्डें व पुढें परांडें, आणि मध्यें पाण्याची सोय नाहीं.

तिसऱ्या वेळीं गणितशिक्षकांनीं रायस्विट्झची रीति लावली. आम्हांस आंतल्या खोलींत बसविलें. मेज दिसूं दिलें नाहीं. बाहेरून चिठ्ठ्या येत व आम्हीं चिठ्ठ्यांनींच हुकूम द्यावे. पहिली चिठ्ठी आली ती उधळलेल्या स्वारांची: बाण व तोफा सुटल्या, असदअल्लीखान मोडला. दुसरी आली, तीही स्वारांचीच. तिसरी बुणग्यांची: पेंढारी आंत शिरले. रेमंडकडून कांहींच नाहीं. आम्हीं विचार केला कीं, पायदळ एकटें पुढें राहिलें, त्याच्या बाजू उघड्या पडल्या, तें कापलें गेलें तर आमच्या हत्तीभोंवतीं कोणीच उरणार नाहीं. आम्हीं लिहिलें: ‘मागें या.’ उत्तर आलें नाहीं, म्हणून पुन्हा लिहिलें: ‘तांतडीनें मागें या.’ दुसरा हुकूम दिल्यावर रेमंडची चिठ्ठी हातीं पडली: ‘पेरनच्या पलटणी हटत आहेत.’

बाहेर हंसण्याचा आवाज झाला. गिरणीवाल्या विद्यार्थ्यानें आंत डोकावून विचारलें, ‘गुरुजी, आपल्या अंबारींत जनाना कोठें होता?’

आम्ही निरुत्तर झालों. तीस वर्षें ज्या हुकमाबद्दल आम्हीं निजामास भित्रा ठरविलें, तोच हुकूम आम्हीं स्वहस्तें, घरच्या ओसरीला लागून असलेल्या खोलींत, चहा पीत असतां लिहिला होता. कारण शोधूं जातां तें साधें निघालें. घोडदळ मोडावयास कांहीं पळें पुरतात, पायदळ जिंकावयास घटका लागतात. त्यामुळें अपयशाची वार्ता आधीं जन्मते व यशाची मागाहून. शिवाय अपयशाची वार्ता हजारों पळपुटे घोड्यावर बसून आणतात. यशाची वार्ता एकटा जासूद बैलांच्या गर्दींतून वाट काढीत आणतो. ज्याच्या हातीं अधिकार, त्याच्यापाशीं ती शेवटीं पोंचते.

रात्र झाली असें धरून मध्यस्थांनीं खिडक्या लावल्या. पुढचा हिशेब पाण्याचा केला. खर्ड्याच्या आश्रयास आलेल्या फौजेंत केवळ १०,००० घोडीं धरलीं व दर घोड्यास आठ गॅलन पाणी धरलें तर रोज ८०,००० गॅलन लागतात. एका मोटेंत ४० गॅलन मावतें असें समजल्यास २,००० मोटा झाल्या. मिनिटास एक मोट ओढली तर एका विहिरीवर अखंड तेहतीस तास काम चालेल, तेव्हां एका दिवसाची गरज भागेल. आमच्या भागांत गांवोगांव तलाव व बोड्या आहेत; फाल्गुनांतही गुरें पाण्यावरून परत येत नाहींत. त्यामुळें ‘पाणी तोडलें’ हे दोन शब्द आम्ही वर्गांत वाचून पुढें जात असूं. बालाघाटाखालील कोरड्या प्रदेशांत, मार्च महिन्यांत, त्या दोन शब्दांत सगळा तह होता. ग्रँट डफ सांगतो कीं, एवढा विजय मिळूनही तरुण पेशवा खिन्न होता. शत्रूनें लज्जास्पद शरणागति पत्करावी आणि आपल्या लोकांनीं श्रमाविना मिळालेल्या जयाची फुशारकी मारावी, ही दोन्हींकडील हीनता त्यास खुपली. रणांत पडलेल्यांची संख्या पाहतां त्या पोराचें म्हणणें खोटें नव्हतें. जें काम तलवारीनें झालें नाहीं तें पाण्यानें व काळोखानें केलें.

५

आतां कोणी म्हणेल कीं, नियम तुम्हीच केले, मग निकालही तुमचाच. आक्षेप यथार्थ आहे. दाण्याचें वजन, बैलाचें ओझें, मोटेचें माप, हीं सर्व आम्हीं धरलेलीं आहेत; तीं बदललीं तर अंतरें बदलतील. निजामाच्या मनांत त्या सायंकाळीं काय होतें, हें लाखोळीच्या दाण्यांस विचारून कळणार नाहीं. जनान्याची कथा खोटी आहे असेंही खेळानें सिद्ध झालेलें नाहीं. ती कथा नसती तरी माघार घडूं शकली असती, एवढेंच सिद्ध झालें.

न्यायशास्त्राच्या परिभाषेंत बोलावयाचें तर खेळ हें प्रमाण नव्हे, तो तर्क होय. गौतमाच्या सोळा पदार्थांत प्रमाण वेगळें व तर्क वेगळा मोजला आहे. ‘असें असतें तर तसें झालें असतें’ हें सांगणें तर्काचें काम; तो स्वतः ज्ञान देत नाहीं, प्रमाणास साह्य करतो, त्याच्या वाटेंतील कांटे दूर करतो. अस्सल पत्र हें प्रमाण, मेज हा तर्क. ज्यानें मेजावरून इतिहास लिहिला त्यानें कादंबरी लिहिली असें समजावें. परंतु ज्यानें तर्क मुळींच केला नाहीं, त्याला आपल्यापुढील प्रमाण ओळखतांही येत नाहीं. हें शेवटचें वाक्य आम्ही आमच्यावरून लिहीत आहों.

६

सुमारें तीस वर्षांपूर्वीं, आम्ही नोकरींत असतां, एका विद्यार्थ्याचे आजोबा खेड्यांतून एक रुमाल घेऊन शाळेंत आले. आम्हांस मोडी वाचतां येतें हें त्यांच्या कानीं गेलें होतें. कागद जाड, शाई उत्तम, अक्षर घोटीव. आम्हीं पांचसहा बंद उलटले. बैल इतके, गोणी इतक्या, चंदी इतकी, अमक्या मुक्कामीं पाणी नाहीं सबब मजल पुढें केली; पुन्हा बैल, पुन्हा चंदी. कोठें लढाई नाहीं, सरदाराचें नांव नाहीं. म्हाताऱ्यानें विचारलें, ‘गुरुजी, यांत काय आहे?’ आम्हीं म्हटलें, ‘बाबा, यांत इतिहास नाहीं, हा नुसता हिशेब आहे.’ त्यांनीं रुमाल पूर्ववत् बांधला, आम्हांस नमस्कार केला, आणि ते गेले.

मेजावरून सहा बैल फरशीवर उतरले त्या दिवशीं तो रुमाल आम्हांस आठवला. दुसऱ्याच आठवड्यांत आम्ही त्या गांवीं गेलों. विद्यार्थी आतां स्वतः नातवंडांचा झाला आहे. त्यानें सांगितलें कीं, जुनें घर पाडून नवें बांधतांना तो कागद रद्दींत गेला. गुरुजींनींच कामाचा नाहीं म्हणून सांगितलें होतें. त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. राग असता तर बरें वाटलें असतें.

त्या रुमालांत खर्डा होता असें आम्ही म्हणत नाहीं. पण भोसल्यांच्या मुलखांतल्या एका घरीं, फौजेच्या म्हणा वा लमाणांच्या तांड्याच्या म्हणा, मजलवार हिशेबाचे अस्सल बंद होते. बैल किती ओझें वाहतो, मजल किती कोसांची, कोणत्या गांवीं पाणी मिळालें व कोठें नाहीं, हें ज्यांत प्रत्यक्ष लिहिलें होतें तो कागद आम्हीं परत केला. आणि आज तेच आंकडे आम्ही ‘समजा’, ‘समजा’ म्हणून अंदाजानें धरीत आहों. बखरीची नक्कल दहा ठिकाणीं मिळते. चंदीचा हिशेब एकदांच लिहिला जातो.

आमच्या संग्राहक बंधूंस हें सांगण्यासाठींच एवढा खटाटोप. सनद, करीना, सरदाराचें दस्तुर, शिक्क्याचा कागद, हे सर्व जपले जातात. त्यांस किंमतही येते. त्याच रुमालांतील दाणावैरणीच्या यादी, बैलांची हजिरी, मुक्कामांचे हिशेब, पखालवाल्यांचा मुशाहिरा, हे मात्र वेगळे काढून टाकले जातात. मेजावर लढाई मांडून पाहा, म्हणजे कळेल कीं लढाईचें गणित त्या टाकलेल्या कागदांत आहे. म्हणून आमची सूचना अशी: रुमाल फोडूं नये, बंदांचा क्रम आहे तसा ठेवावा, हिशेबाचा कागद ‘सामान्य’ असा शेरा मारून बाजूस सारूं नये, आणि कोणाचा कागद परत करावाच लागला, तर परत करण्यापूर्वीं त्याची प्रतिमा घेऊन ठेवावी. आमचे स्नेही, जे मराठ्यांची बाजू खेळले, त्यांनीं आपल्या संग्रहांतील हिशेबी बंदांची गठडी माळ्यावरून उतरविली आहे व तिची यादी करावयास आरंभ केला आहे. त्या कामीं आम्ही त्यांचे लेखक म्हणून रोज दोन तास बसतों.

लांकडी बैल ज्यांचे त्यांस पोळ्यापूर्वीं परत केले. नागपूर, भंडारा, गोंदिया, बालाघाट या भागांतील ज्या घराण्यांत वा संग्रहांत भोसलेकालीन दाणावैरणीचे, बैलांचे अथवा मुक्कामांचे हिशेब असतील, त्यांनीं त्यांची एक याद या त्रैमासिकाकडे धाडावी, आणि वाचणारा मिळाला नाहीं तर कागद ठेवून द्यावा पण टाकूं नये, इतकी विनंति करून हा लेख पुरा करतों.